अकरा सेकंद

नमस्कार. कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढं ‘दिग्दर्शक’ छापलंय, तो शब्द जरा सैल धरा. मी आयुष्यात एकच फिल्म केली आहे, 26 मिनिटांची. फोनवर, दीड वर्ष, कधी सुट्टीच्या दिवशी तर कधी रजा टाकून.

फिल्म माझ्या मित्राची आहे. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत आणि आठवड्यातून तीन वेळा, दर खेपेला चार तास, तो डायलिसिसच्या, म्हणजे रक्त गाळून त्यातलं जास्तीचं पाणी काढणाऱ्या, मशीनवर असतो. मी सोबत म्हणून जायचो. एकदा तोच वैतागून म्हणाला, “नुसता शेजारी बसून मोबाइल बघतोस. त्यापेक्षा त्याच मोबाइलवर काहीतरी शूट तरी कर.” बस्स, एवढीच प्रेरणा.

पहिल्या आठवड्यात नवशिक्या जे करतो तेच मी केलं. नळ्यांतून जाणारं लाल रक्त, मशीनचा फिरणारा पंप, सुईपाशी चिकटपट्टी. सगळं अगदी जवळून. घरी येऊन पाहिलं तर कुठल्याही दवाखान्याच्या जाहिरातीत खपलं असतं. त्यात माझा मित्र कुठंच नव्हता. डायलिसिस म्हणजे मुख्यतः कंटाळा असतो, हे तोवर माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. चार तास एक हात हलवायचा नाही. नाक खाजलं तर दुसरा हात. आधी वजन, नंतर वजन, आज किती लिटर पाणी काढलं त्याचा हिशेब. दोन खेपांच्या मधे पाणी मोजून प्यायचं. हा माणूस तहानेबद्दल जेवढं बोलतो तेवढं मरणाबद्दल बोलत नाही. माझ्याकडचं तहानेचं फुटेज मरणाच्या चौपट आहे.

तांत्रिक गोष्टी फार सांगत बसत नाही, पण दोन सांगतो, कारण त्या मला कोणी सांगितल्या नव्हत्या. वॉर्डातल्या ट्यूबलाइटखाली माझी चित्रं सारखी लुकलुकत होती. विजेची वारंवारता 50 हर्ट्झ असेल तर शटर एक पन्नासांश सेकंदावर कायम करून ठेवायचं, फोनच्या मर्जीवर सोडायचं नाही. दुसरी गोष्ट, कोणी बोलत नसताना खोलीचा नुसता आवाज मिनिटभर रेकॉर्ड करून ठेवायचा. एडिटमध्ये दोन वाक्यांमधली फट त्यानंच बुजते. मी ते विसरलो आणि नंतर केवळ त्या एका मिनिटासाठी परत जाऊन बसलो.

आणि आवाजाचंच निघालं म्हणून फिश्चुलाबद्दल सांगतो. डायलिसिससाठी हातातली एक धमनी ऑपरेशन करून शिरेला जोडतात. धमनीतलं जोरातलं रक्त शिरेत शिरतं, शीर हळूहळू फुगते, जाड होते आणि काही आठवड्यांनी सुया टोचून घेण्याजोगी होते. त्या जागी बोट ठेवलं की कातडीखाली सतत थरथर लागते. ती लागली नाही तर तडक डॉक्टरांना गाठायचं. हा लिफ्टची वाट बघताना, फोनवर बोलताना, न बघता दोन बोटं तिथं टेकवतो. मी ते कित्येक दिवस पाहत होतो आणि मला वाटायचं, ही त्याची लकब आहे.

एका संध्याकाळी मी कॉलर माइक त्या शिरेवर हलकेच टेकवला. हलकेच, कारण त्या हातावर दाब चालत नाही. बीपीचा पट्टासुद्धा दुसऱ्या हाताला बांधतात. हेडफोनमध्ये दमदार, फिरता आवाज आला, दोरी डोक्याभोवती जोरात गरगर फिरवावी तसा. मी हेडफोन त्याच्या कानाला लावला. बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, “रोज हात लावून बघतो रे. आतमध्ये एवढा गोंधळ चाललाय, माहीत नव्हतं.”

परवानगीचं थोडक्यात सांगतो. त्याची होती, वॉर्डाची लेखी घेतली होती. पण बाकीचे पेशंट? त्यांनी कुठं मला बोलावलं होतं? मी चौकट अशी धरायचो की शेजारचा बेड येणारच नाही. तरी आवाज येतातच. पलीकडच्या एक बाई टेक्निशियनशी इतकं छान भांडत होत्या की माझा जीव त्यात अडकला. त्यांना विचारलं, त्या नाही म्हणाल्या. काढून टाकलं. अजून हळहळतो.

आता ज्यासाठी मुळात बोलायला उभा राहिलो ते.

तिसरा तास सरत आला होता. शरीरातलं पाणी भराभर काढलं की पोटरीत गोळा येतो, पुष्कळांना येतो. त्यालाही आला. तो ओरडला, पाय ताठ झाला. मला तोवर पाठ होतं की अशा वेळी पाऊल गुडघ्याच्या दिशेनं वर दाबून धरायचं असतं. आधी कितीदा तरी मी ते केलं होतं. त्या दिवशी मी शूट करत राहिलो. नंतर फुटेजवर मोजलं, अकरा सेकंद. मग फोन गादीवर टाकला आणि पाय धरला.

जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्सनं 1979 साली आपला वडीलधारा मित्र, अमेरिकन दिग्दर्शक निकोलस रे, कॅन्सरनं खंगत असताना त्याच्यासोबत फिल्म केली. तिच्यात वेंडर्स स्वतःच त्याला सांगतो की, तुझ्या दुबळेपणाचीच मला ओढ लागेल की काय, याची भीती वाटते. इतकी वर्षं चित्रपट केलेल्या माणसाला जे आधी कळलं होतं, ते मला पोटरीतल्या गोळ्यानंतर कळलं. त्या अकरा सेकंदांत मी मित्र नव्हतो. वाईट हेतू नव्हता, नुसता फोकस नीट होता.

आठवडाभर लपवलं, मग त्याला दाखवलं. त्यानं शांतपणे पाहिलं आणि विचारलं, “पुढं काय आहे?” पुढं काही नव्हतं. फोन उताणा पडलेला, चित्रात फक्त छत आणि पंख्याचं एक पातं. पण आवाज चालूच होता: त्याच्या शिव्या, माझं “दाब, दाब, अजून”, सिस्टरची धावपळ, आणि शेवटी दोघांचं हसणं. तो म्हणाला, “माझा पाय काढ. छत ठेव.”

एकूण 41 तासांचं फुटेज होतं. त्यातला तो छताचा तुकडा तीन मिनिटांचा आहे आणि मी तो कुठंही कापलेला नाही.

त्यानंतर आम्ही एक नियम केला. दर खेपेला एक तास फोन त्याच्या मोकळ्या हातात. त्यानं मला शूट केलं. मी डुलक्या घेताना, नखं खाताना, आणि सिस्टरनं मशीनवरचा आकडा सांगितल्यावर चेहरा पाडून बसलेला. मी असा दिसतो हे मला ठाऊक नव्हतं. त्यालाच बहुधा वर्षभर ते बघावं लागत होतं.

तो आज का आला नाही, असं मघाशी दोघातिघांनी विचारलं. आज गुरुवार, त्याचा वार आहे. आत्ता मशीनवर असेल, पाचला सुटेल. फिल्म संपल्यावर प्रश्न असतील तर साडेपाचनंतर त्याला फोन लावू. थकलेला असतो, पण बोलेल.

आता दिवे घालवा. आवाज थोडा वाढवून ठेवा. पहिले 40 सेकंद पडदा काळाच आहे, प्रोजेक्टर बिघडलेला नाही. तो आवाज त्याच्या हातातला आहे.