२ चा १०० वा घात आणि ७ ने उरणारी बाकी

पडद्यावर डावीकडून उजवीकडे सरकत असलेली ही एकतीस अंकी संख्या, १२६७६५०६००२२८२२९४०१४९६७०३२०५३७६, म्हणजे २ चा १०० वा घात होय. तिला ७ ने भागल्यास बाकी किती उरेल, एवढाच आपल्यापुढचा प्रश्न आहे. संख्या समोर लिहिलेली असल्यामुळे सरळ भागाकार मांडण्याचा मोह होतो. परंतु त्या भागाकाराची मुळीच गरज नाही, किंबहुना ही संख्या लिहिण्याचीही गरज नव्हती.

फळ्यावर खडूने उमटणाऱ्या ओळी पाहा. २ चा पहिला घात २, दुसरा घात ४. तिसरा घात ८, पण त्यातून ७ वजा केले की उरतो १, आणि पुढच्या पायरीवर आपण ८ नव्हे तर हा १ च घेऊन जातो. असे करणे योग्य ठरते, कारण ७ च्या पटीला कोणत्याही पूर्णांकाने गुणले तरी ती ७ चीच पट राहते आणि बाकीवर तिचा काहीही परिणाम होत नाही. म्हणून बाक्यांची ओळ २, ४, १ अशी होते आणि पुन्हा २, ४, १ अशीच चालू राहते.

ही पुनरावृत्ती योगायोगाने आलेली नाही. ७ ने भागताना ० ते ६ या सातच बाक्या संभवतात, घात मात्र कितीही पुढे नेता येतात. त्यामुळे केव्हातरी आधी येऊन गेलेली बाकी पुन्हा यावीच लागते, आणि प्रत्येक बाकी केवळ तिच्या आधीच्या बाकीवरून ठरत असल्यामुळे तेथून पुढचा सगळा क्रम जसाच्या तसा फिरतो. स्पर्धा परीक्षांच्या तयारीत एकक स्थानच्या अंकांचा तक्ता पाठ करून घेतला जातो. तो तक्ता म्हणजे १० ने भागल्यावर उरणाऱ्या बाक्यांचेच चक्र. जे कारण दोन वाक्यांत सांगता येते, ते न सांगता तक्ता घोकून घेणे हा विद्यार्थ्यांवर अन्यायच आहे.

आता फळ्याच्या उजव्या कोपऱ्यातली खोडलेली ओळ पाहू. तेथे १०० ला ७ ने भागून बाकी २ काढली आहे आणि २ चा वर्ग ४ हे उत्तर लिहिले आहे. हे उत्तर चुकीचे आहे. पाया भाजकाने लहान करता येतो, घातांक मात्र चक्राच्या लांबीनेच लहान करावा लागतो. येथे चक्राची लांबी ३ आहे. १०० ला ३ ने भागल्यास बाकी १ उरते, आणि म्हणून उत्तर चक्रातली पहिली बाकी, म्हणजे २.

चक्राची लांबी पायानुसार बदलते. त्याच ७ साठी ३ चे घात घेतले, तर ३, २, ६, ४, ५, १ अशा शून्य सोडून सर्व बाक्या येऊन जातात आणि लांबी ६ होते. ३ आणि ६ या दोन्ही लांब्या ६ ला, म्हणजे ७ पेक्षा एकने कमी असलेल्या संख्येला, निःशेष भागतात. भाजक मूळ संख्या असेल आणि पायाला तिने भाग जात नसेल, तर असेच घडते, हे पिएर द फर्मा यांनी १६४० साली फ्रेनिकल यांना लिहिलेल्या पत्रात नमूद केले. सिद्धता फार लांबेल या सबबीवर त्यांनी ती पाठवली नाही. लेओनार्ड ऑयलर यांनी ती १७३६ साली मांडली.

काही वेळा चक्र शोधण्याचीही गरज पडत नाही. ४८ चा १०१ वा घात ७ ने भागायचा असेल, तर ४८ म्हणजे ४९ वजा १ एवढे लक्षात यावे. मग पाया उणे १ होतो, घातांक विषम असल्यामुळे उत्तरही उणे १ येते, आणि त्यात ७ मिळवले की बाकी ६.

मात्र पाया आणि भाजक सहमूळ नसतील, म्हणजे १ खेरीज दुसऱ्या एखाद्या संख्येने दोघांनाही भाग जात असेल, तर सावध राहावे लागते. २ चे घात १२ ने भागल्यास २, ४, ८, ४, ८ अशा बाक्या मिळतात. सुरुवातीचा २ पुन्हा कधीच येत नाही आणि १ ही येत नाही, त्यामुळे चक्र पहिल्या घातापासून मोजणाऱ्याचा हिशेब चुकतो.

भाजक मोठा असेल, तर चक्र शोधण्यापेक्षा वर्ग करत जाणे सोयीचे. छंदांची प्रस्तारसंख्या, म्हणजे लघु-गुरू अक्षरांच्या शक्य त्या सर्व मांडण्यांची संख्या, काढण्यासाठी पिंगलांच्या छंदःशास्त्रात २ चा घात निम्मे करत आणि वर्ग करत काढण्याची रीत आहे, तिचाच हा विस्तार. ५ चा ४५ वा घात २३ ने भागू. ५ चा वर्ग २५, बाकी २. चौथ्या घाताची बाकी ४, आठव्याची १६, सोळाव्याची ३, बत्तिसाव्याची ९. ४५ म्हणजे ३२, ८, ४ आणि १ यांची बेरीज, म्हणून ९, १६, ४ आणि ५ यांचा गुणाकार घ्यायचा: ९ गुणिले १६ म्हणजे १४४, बाकी ६, ६ गुणिले ४ म्हणजे २४, बाकी १, आणि शेवटी ५. फर्मांच्या नियमाने २२ व्या घाताची बाकी १, म्हणून ४४ व्याचीही १, आणि ४५ व्याची ५. दोन्ही वाटांनी उत्तर एकच येते.

१९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी मांडलेली आरएसए ही सांकेतिक लेखनाची पद्धत याच गणितावर चालते. तीत भाजक शेकडो अंकी असतो आणि घातांक बहुधा ६५५३७ असतो. ही संख्या २ च्या सोळाव्या घातापेक्षा एकने मोठी असल्यामुळे १६ वेळा वर्ग आणि एक गुणाकार एवढ्यावर काम भागते.