बाय-वायरिंगच्या आधी

मंडळी, आजचा जाहीर विषय बाय-वायरिंग, म्हणजे एकाच स्पीकरला वायरींच्या दोन जोड्या. तिथवर येतोच. पण स्पीकरमागे वायरींची दुसरी जोडी लावायची, तर आधी पहिली जोडी धडपणे लागलेली हवी. मला तळमळीनं सांगायचंय ते या पहिल्या जोडीबद्दल, म्हणजे लाल-काळ्या टर्मिनलांबद्दल.

ॲम्प्लिफायरचा लाल स्पीकरच्या लालला, काळा काळ्याला. दोन्ही स्पीकर उलटे लागले, तरी निदान एकमेकांशी जुळतात. एकच उलटा लागला की घोटाळा. एकाचा पडदा हवा बाहेर ढकलतो त्याच क्षणी दुसऱ्याचा आत ओढतो. ५० हर्ट्झच्या स्वराची लहर जवळजवळ ७ मीटर लांब असते आणि स्पीकर एकमेकांपासून दोन-अडीच मीटरवर, त्यामुळे खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो. बरोबर मध्यभागी बसल्यासारखा ऐकू येणारा गायक घरभर हिंडायला लागतो. काही जळत नाही, धूर निघत नाही, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं तशीच राहते. मग बिचाऱ्या वूफरला, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याला, दोष देऊन नवे स्पीकर आणले जातात आणि त्याच वायरीला जोडले जातात!

पारदर्शक वायरीत दोन्ही तारा तांब्याच्याच दिसतात. नीट बघा, एकीवर रेघ, अक्षरं किंवा उंचवटा असतो. ती प्लस ठरवा आणि दोन्ही टोकांना तोच नियम पाळा. शंका असेल तर वायर ॲम्प्लिफायरपासून सोडवा आणि दीड व्होल्टचा सेल त्या टोकांना क्षणभर टेकवा. सेलचा प्लस लाल टोकाला जात असेल तर वूफरचा पडदा सहसा पुढे येतो. दोन्ही स्पीकरचे पडदे एकाच दिशेला हलले पाहिजेत, मुद्दा तेवढाच. ट्वीटर, म्हणजे तार स्वर वाजवणारा छोटा पडदा, फार तर टिक करेल, कारण क्रॉसओव्हरमधला (खर्ज आणि तार वेगळे करणाऱ्या सर्किटमधला) कपॅसिटर सेलचा स्थिर प्रवाह अडवतो.

टोक सोलायचं ते १० ते १२ मिलिमीटर. पीळ घट्ट द्या. एक सुटा धागा शेजारच्या टर्मिनलला टेकला तरी ॲम्प्लिफायर शॉर्ट होतो. टोकाला सोल्डर भरून स्क्रूखाली दाबू नका. सोल्डर मऊ, दाबाखाली हळूहळू पसरतं आणि पकड ढिली होते.

आता जाडी. प्रवाह जातो आणि परत येतो, म्हणून ५ मीटर अंतर म्हणजे १० मीटर तांबं. अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीत त्याचा रोध सुमारे ०.०७ ओहम, अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या वायरीत ०.३४. स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांच्या आत राहायचं, म्हणजे ८ ओहमला ०.४ आणि ४ ओहमला ०.२. तीच बारीक वायर पहिल्याला कशीबशी चालते, दुसऱ्याला नाही.

घड्याळाकडे खुणा सुरू झाल्यात, तेव्हा जाहीर विषय भराभर घेतो.

बाय-वायरिंगमध्ये स्पीकरमागच्या चार टर्मिनलांमधल्या पितळी पट्ट्या काढायच्या आणि एकाच ॲम्प्लिफायरपासून वूफरला एक, ट्वीटरला दुसरी जोडी न्यायची. पट्ट्या काढून एकच जोडी लावलीत, तर अर्धा स्पीकर मुका. फरक किती? माझ्या मते नगण्य. त्याच दोन जोड्या पट्ट्या ठेवून समांतर लावल्या, तर वूफरच्या वाट्याचा रोध ०.०७ वरून ०.०३५ वर येतो. तांबं तेवढंच, उपयोग जास्त.

बाय-ॲम्पिंगमध्ये, म्हणजे वूफरला एक आणि ट्वीटरला दुसरा ॲम्प्लिफायर लावताना, मात्र पट्ट्या काढल्याच पाहिजेत. त्या राहिल्या तर दोन ॲम्प्लिफायरांची आउटपुट एकमेकांवर आदळतात आणि आउटपुटचे ट्रान्झिस्टर जाऊ शकतात. दोन्हींचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याची पट, सारखा हवा, नाहीतर खर्ज आणि तार यांचा तोल बिघडतो.

एकाच चॅनेलवर ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर लावले तर ४ ओहम होतात. ॲम्प्लिफायरच्या पाठीवर किमान ओहम छापलेला असतो, तो आधी वाचा. एकापुढे एक जोडले तर १६ होतात, पण दोन वेगळ्या मॉडेलचे स्पीकर असे जोडू नका. प्रत्येकाचा ओहम स्वरागणिक बदलतो, व्होल्टेजची वाटणी तशीच बदलत जाते आणि दोघांचाही आवाज बिघडतो.

आणि यातलं काहीही करताना ॲम्प्लिफायर बंद, प्लग भिंतीतून काढलेला.