हुंड्यात दिलेला संत: कॉर्फूचा स्पिरिडॉन

तर मंडळी, ग्रीसचं बेट म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यापुढे सँटोरिनीचे निळे घुमट येतात, इन्स्टाग्रामची कृपा. मी आज बोलणारे कॉर्फूबद्दल. हे बेट पार वायव्येला, अल्बानियाच्या अगदी समोर, आणि तिथलं मोठं देवस्थान म्हणजे सेंट स्पिरिडॉनचं चर्च. सोळाव्या शतकाच्या शेवटी बांधलेलं, जुन्या शहराच्या गल्ल्यांत दाटीवाटीने उभं, लांबून दिसतो तो फक्त लाल टोपीचा उंच मनोरा. आत वेदीशेजारच्या छोट्या खोलीत चांदीची पेटी आहे, वर चांदीचे दिवे टांगलेले, आणि पेटीत खुद्द संत. म्हणजे त्याचा देह, सोळाशे-साडेसोळाशे वर्षांपूर्वीचा, सुकून काळा पडलेला.

गंमत अशी की हा माणूस कॉर्फूत कधी आलाच नव्हता. सायप्रसचा मेंढपाळ, पुढे बिशप झाला तरी मेंढ्या राखणं सोडलं नाही म्हणतात. ३२५ साली निकियाच्या धर्मसभेत पिता-पुत्र-पवित्र आत्मा हे तीन असून एक कसे यावर विद्वानांची जुंपली होती, तेव्हा याने एक वीट हातात घेऊन दाबली, वर जाळ निघाला, खाली पाणी गळलं आणि हातात माती उरली, झालं, वाद मिटला. अशी आख्यायिका आहे बरं का.

देह पुढे कॉन्स्टँटिनोपलला गेला, आणि १४५३ साली तुर्कांनी ते शहर घेतलं तेव्हा कालोखेरेतिस नावाच्या पाद्र्याने तो आणि सम्राज्ञी थिओडोराचा देह असे दोन्ही जनावराच्या पाठीवर लादले, कुणी विचारलं तर चारा आहे म्हणून सांगायचं, आणि डोंगरदऱ्यांतून कॉर्फूला आणले. आता खरी मजा पुढे आहे. हे देह त्याची खाजगी मालमत्ता ठरले, चक्क इस्टेट, पोरांना वारशात मिळाली! थिओडोरा पुढे शहराच्या ताब्यात गेली, पण स्पिरिडॉन घरातच राहिला आणि नातीच्या लग्नात हुंडा म्हणून वुल्गारिस घराण्याकडे गेला, जसं आपल्याकडे एखाद्या देवस्थानाचं उत्पन्न घराण्यात चालत यावं तसंच, फक्त इथे देवच चालत आला. विसाव्या शतकापर्यंत हा हक्क त्या घराण्याकडे होता.

वर्षातून चार वेळा संताची मिरवणूक निघते, उभ्याने, काचेच्या पालखीतून. पाम संडेची (ईस्टरच्या आधीच्या रविवारची) सतराव्या शतकातल्या प्लेगसाठी, नोव्हेंबरातली १६७३ च्या प्लेगसाठी, ईस्टरच्या आदल्या दिवशीची दुष्काळासाठी (धान्याची जहाजं संताने वाट बदलून बंदरात आणली म्हणे), आणि ११ ऑगस्टची तुर्कांच्या वेढ्यासाठी. म्हणजे बघा, शहर कशाकशाला घाबरलं होतं त्याची यादी दरवर्षी रस्त्यावरून फिरते. मला तरी चमत्कारांपेक्षा हे जास्त इंटरेस्टिंग वाटतं.

वेढा १७१६ चा, तेव्हा कॉर्फूवर व्हेनिसचं राज्य होतं. तीसेक हजार तुर्क फौज, आत व्हेनिसच्या नोकरीतला जर्मन सेनापती शुलेनबुर्ग. ऑगस्टात एका रात्री भयंकर वादळ झालं, खंदकांत पाणी भरलं, आणि तुर्क वेढा उठवून गेले. लोक म्हणाले, संत हातात मशाल घेऊन आभाळात दिसला. आता त्याच महिन्यात पेत्रोवारादिनला (आजच्या सर्बियात) ऑस्ट्रियाने तुर्कांचा दणदणीत पराभव केला होता आणि मदतीची जहाजंही येत होती, पण वादळातला संत जास्त लक्षात राहतो हेही खरंच. आपल्याला हे नवीन नाही हो, १६८३ साली संभाजी महाराज गोव्यावर चालून गेले तेव्हा व्हाइसरॉयने झेवियरच्या देहाच्या हाती आपला राजदंड ठेवून साकडं घातलं, मग मोगल फौज खाली उतरली म्हणून महाराजांना मागे फिरावं लागलं, आणि श्रेय कुणाला मिळालं ते ओल्ड गोव्यात कुणालाही विचारा. व्हेनिसवाल्यांनी मात्र दोन्ही दगडांवर पाय ठेवले. शुलेनबुर्गचा जिवंतपणीच पुतळा उभारला आणि संताला ऑगस्टची मिरवणूक मंजूर केली.

पण राज्यकर्ते कॅथलिक आणि संत ऑर्थोडॉक्स, हे दुखणं होतंच. व्हेनिसचा आरमारप्रमुख पिसानी म्हणे या चर्चमध्ये लॅटिन, म्हणजे कॅथलिक, वेदी बसवणार होता. १७१८ साली किल्ल्यातल्या दारूकोठाराचा स्फोट झाला, त्यात तो गेला. तो स्फोट संतानेच घडवला अशी गावकऱ्यांची पक्की समजूत. साधा मेंढपाळ, पण राग असा!

संताच्या सपाता बदलत राहाव्या लागतात, कारण तो रात्री बेटभर फिरतो म्हणून तळवे झिजतात. पेटीचं कुलूप उघडलं नाही तर समजायचं, साहेब कामाला बाहेर गेलेत. जुन्या सपातांचे तुकडे भाविकांना मिळतात. आणि स्पीरो (म्हणजे स्पिरिडॉनच, लाडाने) म्हणून हाक मारलीत तर अर्धा बाजार वळून बघेल.

पुढे इंग्रज आले. एकोणिसाव्या शतकात त्यांनी आपल्या लष्करी बँडला या मिरवणुकांत वाजवायची बंदी केली. कॉर्फूकर चिडले आणि १८४० साली त्यांनी स्वतःची फिलहार्मोनिक सोसायटीच काढली, स्वतःचे वादक, स्वतःचे गणवेश. ती आजही संताच्या पालखीबरोबर वाजवते, नंतर तिच्या नाकावर टिच्चून दुसरी निघाली, मग खेड्यापाड्यांतही बँड झाले, आणि आता मिरवणुकीत कोण पुढे, कोण मागे यावरून चढाओढ असते ती वेगळीच.