ओलं मडकं भट्टीत घालू नये

(टेबलावर मडकं. वक्ता कॅमेऱ्याकडे बघून.)

हे मडकं खानापूरचं. खानापूरची माती, कौलं, विटा यांची ओळख बेळगाव भागात कुणाला करून द्यायला नको. आज ते समोर ठेवलंय, कारण ‘संकटातून आत्मिक वाढ होते’ असं आम्ही ख्रिस्ती लोक म्हणतो, त्याचा अर्थ मला याच मडक्यावरून उमगला.

२०१९ च्या ऑगस्टातला पूर आठवतो ना? आमच्या मावशीच्या घराची मातीची भिंत बसली. प्रार्थनेला चार माणसं आली. त्यातला एक दारातूनच म्हणाला, “देव परीक्षा घेऊलालाय बघ तुझी. सोन्यासारखी उजळून निघशील.” मावशी चिखल काढत होती. ती बोलली काहीच नाही, खराटा तेवढा जोरात चालायला लागला.

आता, त्याचं म्हणणं शास्त्राबाहेरचं नव्हतं. बायबलमध्ये, येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्रात विश्वासाची तुलना अग्नीत पारखलेल्या सोन्याशी केली आहे. येशूचा प्रेषित पौल याने रोमकरांस, म्हणजे रोमच्या ख्रिस्ती लोकांना, लिहिलेल्या पत्राच्या ५ व्या अध्यायात तर साखळीच आहे: संकटातून धीर, धीरातून शील, शिलातून आशा. ‘शील’साठी मूळ ग्रीक शब्द आहे ‘दोकिमे’, म्हणजे पारखून खरं ठरलेलं.

(मडक्यावर टिचकी मारतो.)

बाजारात आपण मडकं असं वाजवून घेतो, तसं.

पण पौल तिथे ‘आपण’ म्हणतो. फटके खाल्लेला, जहाज फुटून समुद्रात पडलेला, तुरुंगात बसलेला माणूस आपल्याच जखमांकडे बघून हे लिहितो. दुसऱ्याच्या पडक्या भिंतीपाशी उभं राहून नाही. त्याच्या शरीरात एक काटा होता. तो काय होता, यावर पंडित अजून भांडतात, भांडोत. पौलाने तीनदा विनवलं, काटा निघाला नाही. ‘माझी कृपा तुला पुरे’ एवढंच उत्तर आलं. म्हणजे त्रास संपला तरच वाढ झाली, असा हिशेब इथे नाही.

आणि त्रास म्हणजे शिक्षा, हाही नाही. योहानाने लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या ९ व्या अध्यायात जन्मांध माणसाला बघून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? येशू म्हणतो, दोघांचंही नाही. हा प्रश्न आपल्याकडे कुठल्या धर्माच्या ओसरीवर विचारत नाहीत, सांगा!

बायबलमधला ईयोब हा सज्जन माणूस, पण मुलंबाळं, मालमत्ता, तब्येत सगळं गेलं. त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. माझ्या मते त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच. मग तोंड उघडलं आणि घोळ झाला. शेवटी देव रागावतो तो त्या उपदेशकांवर. तक्रार करणाऱ्या ईयोबाला मात्र तो आपला सेवक म्हणतो.

मग वाढ दिसते कशी? पंडिता रमाबाईंकडे बघा. १८५८ मध्ये आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळला जन्म. दुष्काळात आईवडील गेले, १८८२ मध्ये पटकीने नवरा गेला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात याच बाईंनी शेकडो उपाशी मुली-विधवांना आसरा दिला. स्वतःच्या भुकेची आठवण दुसऱ्याच्या भाकरीच्या कामी आली. भूक चांगली होती, असं मात्र कुणी म्हणू नये.

आता पुन्हा मडकं. बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात हा संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप सांगणारा, कुंभाराच्या घरी जातो. तिथे भट्टीचा उल्लेखच नाही. चाक आहे, हात आहेत आणि हातातच बिघडलेलं मडकं आहे. कुंभार ती माती टाकत नाही, तिचंच दुसरं भांडं घडवतो. भट्टी नंतरची, आणि तीही घाईची नाही. ओलं मडकं भट्टीत घातलं की तडकतं. आधी सावलीत वाळवावं लागतं. दारातला तो माणूस ओल्या मडक्याला भट्टी दाखवत होता.

त्या दिवशी मावशीची सावली झाली ती शेजारीण. पिठलं-भाकरी घेऊन आली, पदर खोचला आणि तीन दिवस चिखल उपसला. एक वचन सांगितलं नाही.

कितीतरी महिन्यांनी एका संध्याकाळी मावशीनं स्वतःच रोमकरांस पत्र काढलं. संकट, मग धीर. तिथं बोट ठेवून थांबली, चष्मा काढला आणि म्हणाली, “हितवर पोचलोय मी. फुडचं बघू.”