घार, खडीची तळी आणि कारळे : रेडिंग गावातील पक्षी

मित्रहो,

इंग्लंडमध्ये लंडनच्या पश्चिमेला असलेल्या रेडिंगमध्ये नव्याने राहायला आलेल्या मराठी माणसाला इथल्या आकाशातल्या घारीचे फारसे नवल वाटत नाही. पुण्या-मुंबईत वाढलेल्याच्या हिशेबी शहर म्हटले की डोक्यावर घार ही असायचीच. इंग्रज शेजारी मात्र साठीचा असेल, तर आजही फाटकाशी थांबून तिच्याकडे बोट दाखवतो, कारण त्याच्या लहानपणी संपूर्ण इंग्लंडात एकही जोडी घरटे करीत नव्हती. आज मला जे सांगायचे आहे, त्याची सुरुवात या फरकापासून होते. या गावात आणि त्याच्या आसपास आपण ज्यांना रानपक्षी म्हणतो, त्यांपैकी बहुतेकांचे इथे असणे किंवा नसणे माणसाच्या कुठल्या ना कुठल्या उद्योगाशी बांधलेले आहे. तो उद्योग ठाऊक असला, तर तोच पक्षी अधिक नीट दिसू लागतो.

प्रथम घार. आपल्याकडची नेहमीची घार काळपट तपकिरी असते आणि तिच्या शेपटीची खाच इतकी उथळ असते, की शेपूट पूर्ण पसरली म्हणजे ती जवळजवळ नाहीशी होते. इथली तांबडी घार वेगळ्या जातीची आहे. तिची शेपूट विटकरी रंगाची आणि खोल दुभंगलेली असते, आणि पसरली तरी दुभंग लपत नाही. पंखांच्या खालच्या बाजूला, टोकाच्या काळ्या पिसांच्या आत, एक पांढरा तुकडा दिसतो, आणि डोके राखट पांढुरके असते. तिला पाहताना पंखांपेक्षा शेपटीकडे पाहावे असे मी सुचवीन. वारा असलेल्या दिवशी पंख जवळजवळ स्थिर ठेवून ती फक्त शेपूट एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवते आणि तेवढ्याने घरांच्या रांगेवरून हव्या त्या बाजूला सरकते. तिचा आवाज बारीक, लांबट आणि शिटीसारखा असतो, आपल्या घारीच्या थरथरत्या किंकाळीशी थोडेफार नाते सांगणारा.

मध्ययुगीन लंडनच्या रस्त्यांवर ही घार मुबलक होती, कारण रस्त्यांवर घाणही मुबलक होती. पुढे दृष्टी बदलली. १५६६ च्या कायद्याने उपद्रवी ठरवलेल्या प्राण्यांच्या यादीत घार आली आणि चर्चच्या कारभाऱ्यांनी डोक्यामागे पैसे मोजायला सुरुवात केली. नंतर शिकारीचे पक्षी पाळणाऱ्या जमीनदारांचे रखवालदार, विष, सापळे आणि शेवटी अंडी जमवणारे हौशी लोक यांनी उरलेसुरले काम पुरे केले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेल्सच्या मध्यभागातील मोजक्या जोड्यांखेरीज ब्रिटनमध्ये काही शिल्लक राहिले नाही. १९८९ ते १९९४ या काळात रेडिंगच्या उत्तरेकडील चिल्टर्न टेकड्यांत सुमारे नव्वद तरुण घारी सोडण्यात आल्या. त्या जवळजवळ सगळ्या स्पेनमधून विमानाने आणलेल्या होत्या. १९९२ पासून त्या तिथे पिल्ले वाढवू लागल्या. पुढे उलटी गंगा वाहिली : दक्षिण स्पेनमध्ये ही घार दुर्मीळ झाल्यामुळे २०२२ पासून इंग्लंडमधली पिल्ले एक्स्त्रेमादुरा प्रांतात नेऊन सोडण्यात आली.

पण टेकडीवर सोडलेली घार भर गावात का येते? मेलेल्या प्राण्यांवर आणि गांडुळांवर गुजराण करणाऱ्या या पक्ष्याला विटांच्या घरांमध्ये काय मिळते? याचे उत्तर रेडिंग विद्यापीठातील संशोधकांनी घरोघरी चौकशी करून दिले. गावातील साधारण वीस-बावीस घरांमागे एक घर आपल्या परसात घारींसाठी मांस टाकत होते : कोंबडीचे उरलेसुरले, बेकनची साल, क्वचित मुद्दाम विकत आणलेले मांस. हे प्रमाण लहान वाटते, पण एवढ्या मोठ्या गावाच्या हिशेबाने ते शेकडो घारींचे पोट भरायला पुरेसे निघाले. म्हणून घारी सकाळी गावात येतात आणि मुक्कामाला बाहेरच्या झाडीत परततात. नोकरीसाठी ये-जा करणाऱ्यांचेच हे वेळापत्रक आहे. घारींना खाऊ घालू नये असे इथले जाणकार सांगतात, आणि मला ते पटते. हाडाविना दिलेल्या शिजवलेल्या मांसात वाढत्या पिल्लाला लागणारे कॅल्शियम नसते, आणि माणसाच्या हातातील घास हिसकावायला शिकलेली घार शेजाऱ्यांच्या शिव्या खाते. ज्या लोकांनी तिला एकदा संपवले, त्यांच्या सहनशीलतेची पुन्हा परीक्षा घेणे शहाणपणाचे नाही.

खाऊ घालण्याचा विषय निघालाच आहे, तर परसातल्या लहान पक्ष्यांकडे येऊ. बिया आणि शेंगदाणे जाळीच्या नळ्यांत भरून टांगणे हा इथे मोठा घरगुती व्यवहार आहे, आणि त्यात आपला एक धागा थेट गुंतलेला आहे. नायजर या नावाने जे काळे, चकचकीत, बारीक बी इथल्या बागसामानाच्या दुकानांत पिशव्या भरभरून विकले जाते, ते आपले कारळे. सुरगाणा-पेठच्या बाजूला डोंगरउतारावर खुरासणी म्हणून जे पेरतात आणि ज्याची चटणी आपण खातो, तेच. भारत आणि इथिओपिया हे त्याचे मोठे पुरवठादार. हे बी इतके बारीक असते, की त्यासाठी अरुंद चिरा असलेली खास नळी लागते, आणि त्या चिरेतून ते नेमके काढू शकणारी चोच गोल्डफिंच या पक्ष्याची आहे. काटेरी झुडपांच्या बोंडांतून बी उपसण्यासाठी घडलेली ही चिमट्यासारखी चोच कारळ्यावर तितकीच चालते. लाल चेहरा, काळ्या पंखावर पिवळाधमक पट्टा. एका नळीवर सहा-सात जण बसले, की एकमेकांवर पंख उगारून भांडण सुरू. व्हिक्टोरियन काळात हाच पक्षी पिंजऱ्यासाठी हजारोंनी पकडला जाई. आज तो गावातल्या टीव्हीच्या अँटेनांवर बसून गातो.

हिवाळ्यात याच नळ्यांभोवती ब्लॅककॅप हा करडा, नराच्या डोक्यावर काळी टोपी असलेला पक्षी दिसतो, आणि त्याची कथा मला सर्वांत विलक्षण वाटते. उन्हाळ्यात इथे वीण करणारे ब्लॅककॅप थंडीत दक्षिणेकडे निघून जातात. थंडीत दिसणारे वेगळे : मुख्यतः मध्य युरोपातून, म्हणजे जर्मनी-ऑस्ट्रियाकडून, वायव्येला उडत आलेले. १९६० च्या दशकापासून त्यांची संख्या वाढत गेली. जर्मनीत पिंजऱ्यात वाढवलेल्या पिल्लांवरील प्रयोगांतून दिसले, की उडण्याची दिशा आईबापांकडून वारशाने येते, कोणी शिकवावी लागत नाही. पूर्वी चुकीच्या दिशेने उडालेला पक्षी इथल्या थंडीत मरत असणार. परसातला खाऊ आणि सौम्य झालेले हिवाळे यांनी त्याला जगवले, आणि चूक हीच वाट झाली.

या खाऊची काळी बाजूही सांगितली पाहिजे. २००५ च्या सुमारास ट्रायकोमोनोसिस हा घशाचा रोग ग्रीनफिंच या हिरवट पक्ष्यांमध्ये पसरला. आजारी पक्ष्याला गिळता येत नाही, तो तोंडातला दाणा टाकतो आणि दुसरा तो उचलतो. गर्दीच्या खाऊच्या जागी याहून सोपा प्रसार नाही. एके काळचा हा अगदी सामान्य पक्षी २०२१ मध्ये सर्वाधिक चिंतेच्या तांबड्या यादीत गेला. नळी टांगायची असेल, तर ती नियमित धुवायची, आणि फुगून बसलेला आजारी पक्षी दिसला की काही आठवडे उतरवून ठेवायची.

आता पाण्याकडे. गावातून टेम्स आणि केनेट जातात, पूर्वेला लॉडन आहे, आणि या तिन्ही नद्यांच्या काठी हिमयुगापासून साचलेली खडी आहे. लंडनहून पश्चिमेला जाणारा एम-४ महामार्ग बांधताना ती उपसली गेली. खड्ड्यांत भूजल चढले आणि गावाभोवती तळ्यांची माळ तयार झाली. विनर्श-हर्स्टजवळची डिंटन पाश्चर्स ही आज मुलांना घेऊन फिरायला जाण्याची जागा १९७९ पर्यंत खडीची खाण होती. पश्चिमेला थीलजवळची तळीही त्याच जातीची. एखाद्या रखरखीत खाणीने पक्ष्यांसाठी इतके केले, हे निसर्गप्रेमी माणसाला जरा अवघडच जाते, पण खरे आहे.

या तळ्यांवर फेब्रुवारी-मार्चच्या सकाळी तुरेवाली मोठी टिबुकली पाहायला जावे. आपल्याकडच्या तळ्यांत बुडणारी लहान टिबुकली सर्वांना ठाऊक आहे. ही तिची चुलत बहीण बदकाएवढी, पांढऱ्या मानेची, गालांवर तांबूस झालर असलेली. नर-मादी समोरासमोर येतात, झालर फुलवून डोकी झटकन डावी-उजवीकडे हलवतात, मग मध्येच थांबून स्वतःच्या पाठीचे एखादे पीस उगाच नीट करतात. हे बराच वेळ चालते. साधला योग, तर दोघे एकदम बुडी मारतात, चोचीत पाणवनस्पतीचे झुपके घेऊन वर येतात, आणि छातीला छाती भिडवून, पाय मारीत, पाण्यावर जवळजवळ उभे राहतात. जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सली यांनी १९१२ मध्ये रेडिंगहून फार दूर नसलेल्या ट्रिंगच्या जलाशयावर सुट्टीत बसून या नाचाची टिपणे केली आणि १९१४ मध्ये प्रसिद्ध केली. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासातील तो एक पायाचा दगड मानला जातो. दुर्बीण, वही आणि बसून राहण्याची तयारी, एवढेच त्यांचे साधन होते.

हा पक्षी तरी सहज उरलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्त्रियांच्या टोप्या आणि पोशाखासाठी त्याची मऊ, दाट पिसांची कातडी विकली जाई, आणि देशात मोजक्या जोड्या राहिल्या. पिसांच्या या व्यापाराविरुद्ध १८८९ मध्ये काही स्त्रियांनी जी संघटना काढली, तीच आजची आरएसपीबी, म्हणजे ब्रिटनमधली पक्षी-संरक्षणाची मोठी संस्था. पुढे १९३१ मध्ये टॉम हॅरिसन आणि फिल हॉलम या दोन तरुणांनी हजाराहून अधिक हौशी लोकांना पत्रे लिहून देशभरातील टिबुकल्या मोजवून घेतल्या. जानेवारीअखेरच्या एका तासात आपापल्या परसातले पक्षी मोजण्याचा जो कार्यक्रम १९७९ पासून इथे चालतो, तो याच वृत्तीचा वारस. त्यात आपणही भाग घ्यावा. नियम सोपा आहे : एका वेळी एका जातीचे जास्तीत जास्त किती दिसले, तेवढाच आकडा लिहायचा. चिमणी वर्षानुवर्षे या मोजणीत पहिली येते, आणि तरीही १९७९ च्या तुलनेत ती निम्म्याहून कमी झाली आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, हे मोजल्याशिवाय कळले नसते.

टेम्सवरच्या हंसांबद्दल थोडक्यात. मासे पकडणाऱ्यांच्या गळांना लावलेले शिशाचे लहान वजन गिळून ते विषबाधेने मरत. १९८७ मध्ये अशा शिशावर बंदी आली आणि हंस परतले. आणि इथे दिसणाऱ्या हिरव्या राघूंविषयी मला दर वेळी विचारतात : होय, ते आपलेच, पिंजऱ्यांतून सुटलेल्यांचे वंशज, आणि कोण्या गायकाने किंवा चित्रपटाच्या चमूने ते सोडल्याच्या गोष्टी करमणुकीपुरत्या ठीक आहेत.

शेवटी पाकोळी. मेच्या पहिल्या आठवड्यात ती आफ्रिकेतून येते आणि ऑगस्ट लागताच निघून जाते. घरट्याखेरीज ती कुठेही टेकत नाही. खाते, पिते आणि झोपतेही हवेतच. संध्याकाळी जुन्या विटांच्या घरांच्या गल्लीत, छपरांच्या उंचीवर, किंचाळत जाणारा काळा घोळका दिसला, तर तिथे जवळपास घरटी आहेत असे समजावे. व्हिक्टोरियन घरांच्या वळचणीतील फटी हे तिचे घर. छपरे दुरुस्त होतात, उष्णता राखण्यासाठी फटी बुजतात, आणि त्याच जागी दर वर्षी परतणारी जोडी बंद भिंतीवर धडका मारत राहते. किडे कमी होणे हेही कारण आहेच. १९९५ पासून ब्रिटनमधील पाकोळ्या साठ टक्क्यांहून अधिक घटल्या आहेत.

आपल्यापैकी अनेकांची घरे याच जुन्या वस्तीत आहेत आणि छपराचे काम आज ना उद्या निघणारच आहे. तेव्हा जून-जुलैमध्ये सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास समोरच्या फुटपाथवर उभे राहून आपल्या वळचणीकडे पाहा. पाकोळी आत शिरण्याचा क्षण डोळा लवायच्या आत संपतो, म्हणून नजर एकाच कोपऱ्यावर ठेवावी लागते. ती शिरताना दिसली, तर जागेचा फोटो काढून ठेवा, काम सप्टेंबर ते एप्रिल या काळात करून घ्या, आणि कारागिराला ती एक फट तशीच ठेवायला सांगा. वापरातले घरटे मोडणे १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि फट बुजवावीच लागली, तर पोकळ खण असलेली पाकोळीची वीट बाजारात मिळते. ती त्याच ठिकाणी, शक्यतो तितक्याच उंचीवर, बसवून घ्या.