गूळ शोधला, गुळगुळीत मिळालं

[दृश्य : सकाळ. शाहू मार्केट यार्ड. गुळाच्या रव्यांची रास.]

कोल्हापुरात गूळ शोधायला कष्ट कसले? नाक नेईल तिकडं चालायचं. १८९५ साली शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवली, ती गुळाची पेठ म्हणूनच.

आता हाच गूळ कॉम्प्युटरात शोधू.

[दृश्य : अडत्याची नात, लॅपटॉपसमोर.]

आजोबांच्या धंद्याची माहिती जमवतेय ही. जुन्या अहवालाची जाडजूड फाइल उघडली, शोधपेटीत टाकलं ‘गूळ’. हाती लागलं मोजकंच. कारण आपला गूळ एकटा असला तरच दीर्घ. विभक्ती चिकटली की झाला ऱ्हस्व : गुळाचा, गुळाला, गुळात. आणि वाक्यात तो एकटा असतो तरी किती वेळा? गावाचंही तसंच. कोल्हापूर, पण कोल्हापुरात, कोल्हापुरी. मोठी सर्च इंजिनं हे बरंचसं सांभाळून घेतात. फाइलमधली शोधपेटी अक्षराला अक्षर जुळवते.

मग तिनं ‘गुळ’ टाकलं. गुळवणी आली. गुळगुळीत रस्ते आले, म्हणजे ते पान कोल्हापूरचं नसणार! शेवटी ‘गुळा’वर बरंच जमलं.

[दृश्य : उसाचा चरक, उकळती काहील.]

गुऱ्हाळाची तर वेगळीच गंमत. हा अर्धा र कुणी ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरानं टाइप करतं, कुणी साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे, मशीनला वेगळे. घाईत रफार पडला तर ‘गुर्हाळ’, हा तिसरा. छपाईसाठी वापरायच्या जुन्या डीटीपी फाँटांतला मजकूर तर विचारूच नका. दिसायला मराठी, आत भलतीच अक्षरं.

१९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या छपाईत ‘गुळाचें उत्पन्न’ असतं. तिथं ‘गुळाचे उत्पन्न’ शोधणारा रिकाम्या हातानं परततो.

[दृश्य : माळ्यावरची ट्रंक. लाल कापडी बांधणीची चोपडी.]

पणजोबांची चोपडी जुन्या मोडी लिपीत आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा नसतोच, दोन शब्दांत जागाही सोडत नाहीत. मोडी वाचणारे एक गुरुजी ओळ ओळ सांगतायत, नात टाइप करतेय.

मध्येच ती थांबते. ‘गुरुजी, गूळ की गुळ?’

गुरुजी चष्मा काढतात. ‘कागदात तसलं काय नाही बघ. तुला शोधायला काय बरं पडंल?’