यॉर्क : डागडुजीवर उभं राहिलेलं शहर

[दृश्य : बूथम बार, सकाळ. दगडी जिन्यावरून चढणारी पावलं.]

यॉर्कचा तट सकाळी आठला उघडतो. तिकीट नाही, नोंदणी नाही. बूथम बार नावाच्या या वेशीच्या पोटातून अरुंद जिना वर जातो आणि तुम्ही थेट फांजीवर येता. डाव्या हाताला खंदकाचा गवताळ उतार. उजव्या हाताला जुन्या घरांच्या बागा, आणि बागांच्या मागे यॉर्क मिन्स्टर, इथलं भव्य कॅथेड्रल. इंग्लंडच्या उत्तरेतल्या या शहरात तुमच्याकडे एकच तास असेल, तर तो इथे घालवा. बूथमपासून मंक बारपर्यंत सावकाश चाला.

पायाखाली आत्ता मध्ययुगीन तट आहे, पण रेषा रोमनांची आहे. इसवी सन ७१ मध्ये रोमन सैन्याच्या नवव्या पलटणीनं ऊझ आणि फॉस या दोन नद्यांच्या बेचक्यात छावणी टाकली. तिचं नाव एबोराकम. ३०६ मध्ये सैनिकांनी कॉन्स्टंटाइनला सम्राट म्हणून जाहीर केलं ते इथेच. मिन्स्टरच्या दक्षिण दाराजवळ तलवार धरून बसलेला ब्राँझचा पुतळा दिसतोय, तो त्याचाच.

[दृश्य : म्युझियम गार्डन्स. बुरुजाच्या दगडांवरून फिरणारा कॅमेरा.]

रोमन हात आणि नंतरचे हात शेजारी शेजारी बघायचे असतील, तर म्युझियम गार्डन्समधला हा बुरुज बघा. नाव मल्टँग्युलर टॉवर. खाली लहान, एकसारखे कापलेले दगड आणि त्यांच्यामधून गेलेला लाल कौलांचा पट्टा, हे रोमन काम. वरचे मोठे चिरे हजारेक वर्षांनंतरचे. कुठे एक संपतं आणि कुठे दुसरं सुरू होतं, हे दाखवायला माहितीफलक लागत नाही.

तटाची लांबी सुमारे ३.४ किलोमीटर. इंग्लंडमधल्या कुठल्याही शहराचा मध्ययुगीन तट इतका लांब उरलेला नाही. यॉर्कचा मात्र उरला, कारण लोकांनी तो पडू दिला नाही. १८०० मध्ये इथल्या नगरपालिकेनं तट पाडायची परवानगी मागितली होती. रस्ते अरुंद, वेशींची अडचण, डागडुजीचा खर्च नको. ही कारणं आपल्याकडच्या गावांनाही नवी नाहीत. विरोध सुरू झाला आणि पुढची कितीतरी वर्षं चालला. यॉर्कमध्येच १७८७ साली जन्मलेला चित्रकार विल्यम एटी या लढ्यातलं मोठं नाव. आर्ट गॅलरीसमोर त्याचा पुतळा आहे, आणि त्या पुतळ्याकडे पाठ करून उभं राहिलं की समोर बूथम बार दिसते. सगळं काही वाचलं नाही. वेशींपुढच्या चिंचोळ्या संरक्षक आवारांपैकी तीन एकोणिसाव्या शतकात पाडली गेली. चौथं वॉमगेट बारपुढे अजून आहे, आणि इंग्लंडमधल्या शहरांच्या वेशींमध्ये असं उरलेलं तेवढं एकच.

मंक बारवर मान वर करून बघा. माथ्यावर दगडी माणसं दगड उचलून उभी आहेत, खालच्यावर फेकायच्या बेतात. ही चार मोठ्या वेशींमधली सगळ्यात उंच. दक्षिणेकडून येणाऱ्यांचं स्वागत मात्र मिकलगेट बार करायची, आणि तिच्यावर राजद्रोह्यांची मुंडकी लावायची पद्धत होती. १४६० मध्ये ड्यूक ऑफ यॉर्क रिचर्डचं शीर याच वेशीवर टांगलं होतं.

[दृश्य : मिन्स्टरची पूर्व बाजू. परांची. दगडावर पडणारी छिन्नी.]

आता खाली उतरू. जिथे आमचा कॅमेरा सगळ्यात जास्त वेळ थांबला, तिथे जाऊ.

मिन्स्टरचं आजचं बांधकाम १२२० च्या सुमाराला सुरू झालं आणि १४७२ मध्ये पूर्ण झालं असं मानतात. अडीचशे वर्षं. दगड इथला नाही. टॅडकास्टरच्या आसपासच्या खाणींतून निघणारा हा मॅग्नेशियमयुक्त चुनखडीचा दगड, ताजा कापला की सायीच्या रंगाचा. त्या काळी तो नावांमधून, नदीमार्गे इथवर यायचा. कोरायला तो मऊ, म्हणून एवढी नक्षी शक्य झाली. पण पाऊस आणि कोळशाचा धूर त्याला सोसत नाही. धुरातलं गंधक पावसात मिसळतं, दगडाचा पृष्ठभाग खातं, मग पापुद्रे सुटतात. शतकभर गिरण्यांच्या आणि घरोघरच्या शेगड्यांच्या धुरात उभ्या राहिलेल्या इमारतीचं काय होईल, ते या जुन्या मूर्तीच्या चेहऱ्यावर दिसतंय. नाक नाही, डोळे नाहीत, गोल गोटा उरलाय.

म्हणून मिन्स्टरचे स्वतःचे पाथरवट आहेत. बाहेरून ठेका देऊन आणलेले नाहीत, पिढ्यान् पिढ्या चालत आलेली ही मिन्स्टरचीच कार्यशाळा आहे. काम कसं चालतं बघा. खराब झालेल्या चिऱ्याचं आधी मोजमाप होतं आणि त्याचा नमुना कापला जातो. नवा दगड खाणीतून येतो तेव्हा त्याचे थर कुठल्या दिशेला आहेत हे तपासावं लागतं. खाणीत जसा आडवा पडला होता तसाच भिंतीत बसला पाहिजे. उभा बसवला तर थरांमध्ये पाणी शिरतं आणि दगड उलतो. मग नमुना दगडावर ठेवून रेघ ओढायची, आणि लाकडी मोगरीनं छिन्नीवर ठोके द्यायचे. घाव हलके असतात, पण थांबत नाहीत. सांध्यात सिमेंट चालत नाही, कारण ते दगडापेक्षा कडक होतं आणि ओल आतच कोंडतं. सांध्यात चुनाच भरतात. आणि शेवटी, भिंतीत गेल्यावर कुणालाच दिसणार नाही अशा बाजूवर पाथरवट आपली खूण कोरतो. ही इथे दिसतेय. अंगठ्याएवढी, सरळ रेघांची. उद्या परवा हा दगड वर चढला की ती झाकली जाईल.

[दृश्य : ग्रेट ईस्ट विंडो, आतून. हळूहळू वर सरकणारी चौकट.]

काचेकडे येऊ. मिन्स्टरच्या पूर्व भिंतीतली ही खिडकी साधारण टेनिसच्या मैदानाएवढी आहे. १४०५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन थॉर्नटनशी तिचा करार झाला. मुदत तीन वर्षं. त्यानं ती पाळली, आणि सगळं मिळून त्याला ५६ पौंड मिळाले. माथ्यावर ईश्वर आहे, त्याच्या खाली सृष्टीची उत्पत्ती, आणि बरंचसं क्षेत्र बायबलमधल्या जगाच्या अंताच्या दृश्यांनी व्यापलेलं. खालून ते सगळं नीट दिसत नाही. दुर्बीण जवळ असेल तर बरोबर घ्या, खरंच. सात डोक्यांचा प्राणी, तुताऱ्या वाजवणारे देवदूत, बुडणारी गलबतं, सगळं त्यात आहे.

२००८ मध्ये ही खिडकी उतरवायला घेतली. ३११ तावदानं. यॉर्क ग्लेझियर्स ट्रस्टच्या कारागिरांनी प्रत्येक तावदान सुटं केलं, काचा जोडून धरणाऱ्या शिशाच्या पट्ट्या काढल्या, काचेचा एकेक तुकडा भिंगाखाली धरून मऊ कुंचल्यानं साफ केला. मधल्या शतकांत जिथे जिथे काच तडकली, तिथे कुणीतरी आणखी एक शिशाची पट्टी घातली होती. अशा पट्ट्या इतक्या झाल्या होत्या की चेहरे जाळीआड गेल्यासारखे दिसायचे. त्या काढल्या, तडे कडेला कडा लावून चिकटवले, जुनी चित्रं पुन्हा वाचता येऊ लागली. बाहेरच्या अंगाला अतिनील किरण अडवणारी दुसरी काच बसवली, जेणेकरून पाऊस आणि वारा आता तिच्यावर येईल, थॉर्नटनच्या कामावर नाही. शेवटचं तावदान २०१८ च्या जानेवारीत परत बसलं. थॉर्नटनला खिडकी करायला तीन वर्षं लागली होती. दुरुस्तीला दहा लागली.

[दृश्य : दक्षिण बाजूची रोझ विंडो. जुन्या छायाचित्रात जळणारं छप्पर.]

आणि ही गोल खिडकी. ९ जुलै १९८४ च्या पहाटे आग लागली, बहुधा वीज पडून, आणि दक्षिण बाजूचं सगळं छप्पर खाली आलं. उष्णतेनं या खिडकीच्या काचेला सुमारे ४०,००० तडे गेले. पण ती पडली नाही, कारण आगीच्या काही वर्षं आधीच तिचं शिसं नव्यानं बसवलं होतं. वेळेवर केलेली डागडुजी काय करते, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. मग कारागिरांनी तडकलेल्या काचेवर चिकटपट्टी लावून ती धरून ठेवली, उतरवली, आणि तुकडे दोन पारदर्शक काचांमध्ये बसवून जोडले. छप्पर ओकच्या लाकडाचं पुन्हा केलं, १९८८ मध्ये पूर्ण झालं. वरच्या लाकडी फुलांपैकी सहा तर मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातल्या स्पर्धेत जिंकलेल्या मुलांनी रेखाटलेली आहेत. त्यात एक चंद्रावर उतरलेला माणूस आहे.

गुडघे साथ देत असतील तर मधल्या मनोऱ्याच्या २७५ पायऱ्या चढा. जिना गोल आणि अगदी अरुंद आहे.

[दृश्य : शॅम्बल्स. गर्दी.]

शॅम्बल्सला सगळेच जातात, तुम्हीही जाल. एकेकाळची ही खाटकांची गल्ली. वरचे मजले पुढे झुकलेले, दुकानांच्या खिडक्यांपुढे मांस मांडायच्या रुंद फळ्या, वर लोखंडी आकडे. दुपारी पाय ठेवायला जागा नसते. तट उघडायच्या आधी, सात-साडेसातला या. आणि तिथून दोन मिनिटांवर गुडरमगेटला दुकानांच्या मधल्या फाटकातून आत शिरा. होली ट्रिनिटी हे लहानसं चर्च आहे. फरशी खालीवर झालेली, बसायला लाकडी कप्पे, खिडकीत पंधराव्या शतकाची काच. बहुतेक लोक फाटकावरून पुढे निघून जातात.

व्हायकिंग, म्हणजे उत्तर युरोपातून येऊन इथे वसलेले दर्यावर्दी, बघायचे तर जॉर्विक केंद्र. १९७६ ते १९८१ मध्ये कॉपरगेटला उत्खनन झालं, तेव्हा दलदलीच्या मातीत लाकूड, चामडं, कापड टिकून राहिलेलं सापडलं, आणि १९८४ मध्ये त्याच जागी हे केंद्र उघडलं. मुलं बरोबर असतील तर हे चुकवू नका. आगगाडीचं वेड असेल तर स्टेशनमागचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय, प्रवेश मोफत. मॅलार्ड नावाचं निळं इंजिन तिथे आहे. ३ जुलै १९३८ रोजी ते ताशी १२६ मैलांनी धावलं आणि वाफेच्या इंजिनांमधला तो विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे.

[दृश्य : क्लिफर्ड्स टॉवर, टेकडीचा उतार.]

या टेकडीवर आज दिसणारा दगडी बुरुज तेराव्या शतकातला. त्याआधी इथे लाकडी बुरुज होता. १६ मार्च ११९० च्या रात्री शहरातली सुमारे १५० ज्यू माणसं जमावापासून जीव वाचवायला त्यात शिरली होती. बहुतेकांनी स्वतःच जीव दिला. जे बाहेर आले त्यांना मारलं. पायथ्याशी फलक आहे. आधी तो वाचा, मग पायऱ्या चढा.

[दृश्य : किंग्ज स्टेथ, पाण्याशी टेकलेला धक्का.]

ऊझच्या काठावरच्या किंग्ज आर्म्स या पबमध्ये दाराजवळ पुराच्या खुणा लिहिलेल्या आहेत, सालांसकट. २००० च्या नोव्हेंबरमध्ये नदी नेहमीच्या पातळीपेक्षा सुमारे ५.४ मीटर वर आली होती. २०१५ च्या डिसेंबरमध्ये पाणी जॉर्विक केंद्रात शिरलं. ते पुन्हा उघडायला एप्रिल २०१७ उजाडलं. पाऊस वाढतोय आणि नदी तीच आहे.

लंडनहून किंग्ज क्रॉसवरून गाडी धरली तर इथे यायला दोन तासांच्या आसपास लागतात, लीड्सहून अर्धा तास. मुलांकडे लीड्स-मँचेस्टरला आलेल्या आई-वडिलांना एका दिवसात नेऊन आणता येईल असं हे शहर आहे. पण दोन दिवस काढा. संध्याकाळी मिन्स्टरमध्ये गायकवृंदाची प्रार्थना असते. तिला तिकीट नाही, कुणीही जाऊन बसावं. दिवसा मात्र मिन्स्टरचं तिकीट घ्या, स्वस्त नाही तरीही. पाथरवटांचा पगार, खाणीतला दगड, परांच्या हे सगळं त्या पैशातून आणि लोकांच्या देणग्यांतून उभं राहतं. २०२१ मध्ये मिन्स्टरमधल्याच सेंट कथबर्ट या संताच्या खिडकीची तावदानं उतरवायला घेतली. ही पंधराव्या शतकातली, तशीच प्रचंड.